गेलं बघा परत!

त्याचं नाव मला माहीत नाही आणि आता विचारायचंही नाही. इथल्या बिन महमूद भागात आमच्या बिल्डिंगखाली सकाळी आम्ही आईबाप मुलांना स्कूलबसमध्ये बसवायला जमायचो, तेव्हा हा ऑफिसच्या गाडीची वाट बघत तिथेच उभा असायचा. आखातात तणाव वाढला होता. कुणाची लढाऊ विमानं कुणाच्या हद्दीत घुसली, याच्या बातम्या रोज यायच्या. हा मोबाइलवर उडत्या विमानांचा लाइव्ह नकाशा उघडून दोन बोटांनी अख्खं आखात ताणून मोठं करायचा.

"लढाऊ विमानं यात दिसत नाहीत," तो समजावायचा, "पण प्रवासी विमानं वळसा घालायला लागली, की ओळखायचं."

थोड्या वेळाने ती पुन्हा सरळ उडायला लागली, की लढाऊ विमान माघारी फिरलं असं धरून मॅच जिंकल्यासारखा ओरडायचा, "गेलं बघा परत! इथे काही होत नाही. बायकामुलांना उगाच कशाला हलवताय?"

माझी बायको मुलीला घेऊन पुण्याला जाते म्हणत होती. याच्याच भरवशावर मी तिकिटं काढली नव्हती.

परवा मुलगी बसमध्ये चढल्यावर मी सहज विचारलं, "तुमच्या मिसेस घाबरत नाहीत?"

"ती कुठे इथे आहे?" स्क्रीनवरची नजरही न काढता तो म्हणाला. "तिला आणि मुलांना पहिल्याच आठवड्यात नाशिकला पाठवून दिलं. उगाच रिस्क कशाला?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तेवढ्यात त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. "गेलं बघा परत!"

मी त्याचा हात झटकला आणि सुटलेल्या बसमागे धावत सुटलो.