केझिया टालबर्टच्या खाणावळीतला निकाल

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीशांचं ते भांडण केझियानं स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं, हातात कालवांचं वाफाळतं भांडं धरून. आत जावं तर भांडण थांबेल, न जावं तर कालवं गार होतील. तिनं कालवं गार होऊ दिली.

"त्या माणसाचा हक्क खरा आहे ना? मग द्या त्याला त्याचं नेमणुकीचं पत्र!" एकानं टेबलावर मूठ आपटली.

"देणारे आपण कोण? काँग्रेसनं कायदा करून तसा हुकूम सोडायचा अधिकार आपल्याला दिलाय, पण राज्यघटनेत तो बसतच नाही."

"मग?"

"मग तो कायदाच रद्द."

"आणि हे ठरवायचं कुणी?"

कुणीतरी हळूच म्हणालं, "आपण."

वॉशिंग्टन तेव्हा, १८०३ साली, शहर कसलं, चिखलात उगवलेली चार घरं आणि मोकाट डुकरं. न्यायालय भरलं की न्यायाधीश बायकांना गावी ठेवून केझियाकडे उतरायचे. रात्री तिच्या टेबलावर हमरीतुमरीवर यायचे आणि सकाळी कोर्टात सगळ्यांचं मिळून एकच मत! लोक म्हणायचे, काय ही एकी. भांडी घासणारीला विचारा.

पण या खेपेला तिचं स्वतःचं घर त्यात अडकलं होतं. निवडणूक हरलेल्या अध्यक्षांनी जाता जाता आपली माणसं दंडाधिकारी नेमली, त्यात तिचा नवरा एबेन, घोड्यांची खोगिरं शिवणारा. पत्रावर सही झाली, शिक्का बसला, हातात द्यायचं तेवढं राहिलं. नवे अध्यक्ष म्हणाले, राहू दे तसंच. पत्र अडकलेल्यांपैकी चौघे कोर्टात गेले. एबेन म्हणाला, "त्यांना मिळालं की मलाही मिळेल," आणि दुकानात बाकडं टाकून आधीच न्याय द्यायला बसला.

पहिलाच खटला डुकराचा. तिथं जो तो ओळखीसाठी आपल्या डुकराच्या कानाला आपली खाच पाडायचा; या डुकराचा कानच कुत्र्यानं खाल्लेला. एबेननं ते विधवा पेलबाईला दिलं. तिनं लगेच कापून मिठात घातलं. डुकरावर हक्क सांगणारा दुसरा, ओबेड क्राउच, तेव्हापासून दात-ओठ खात कोर्टाच्या निकालाची वाट बघत होता.

"अहो, पत्र तुमच्या हक्काचं आहे म्हणतात," केझियानं घरी सांगितलं.

"बघ! मी काय म्हणत होतो?"

"पण ते द्यायला लावायचा अधिकार त्यांना नाही म्हणे."

"म्हणजे माझी भूक मान्य, पण चूल विझवली?"

निकाल अगदी तसाच लागला. दुपारी ओबेड दुकानात हजर. "काय दंडाधिकारीसाहेब, माझं डुक्कर?"

एबेनचा चेहरा पडला. केझिया हात पुसत पुढं झाली. "यांना अधिकारच नव्हता, क्राउच. तेव्हा तो निकाल रद्द."

"अगं, माझ्याविरुद्ध बोलतेस?"

"तुमच्याविरुद्ध नाही हो. त्या बाकड्याविरुद्ध."

"मग काढा डुक्कर!" ओबेड म्हणाला.

"डुक्कर तुझं असेलही. पण पेलबाईला ते द्यायला लावणारी मी कोण?"

ओबेड बघतच राहिला. "टालबर्टबाई, त्या लोकांना जेवू घालून घालून तुम्ही पार बिघडलात," म्हणाला आणि हसत हसत शिव्या देत गेला. एबेननं बाकडं चुलीत घातलं आणि पुन्हा सुई-दोरा धरला.

आज त्या देशात कुठलाही कायदा निघाला की लोक आधी कोर्टाकडे बघतात, टिकेल का म्हणून. केझियाच्या हयातीत मात्र त्या न्यायाधीशांनी काँग्रेसचा दुसरा कायदा काही रद्द केला नाही. केझियानं नवऱ्याचा आठवड्याला एक तरी केला.

म्हातारपणी, केझियाची छाती कफानं भरली असताना, एबेन अंथरुणातून म्हणाला, "आज बाहेर पडायचं नाही. माझा हुकूम आहे."

"ऐकला. राज्यघटनेत बसत नाही."

तिनं टोपीच्या नाड्या बांधल्या, किटली घेतली, आणि बिअरवाल्याकडून पावासाठी खमीर आणायला गेली. त्याच्याशी कमी मापलं म्हणून भांडली, वरून थोडं घालून घेतलं आणि किटली झाकून घरी आली. ती तिची शेवटची खेप.