समुद्राचं पाणी कुणी सोडलं?

थंडीत तुरीची रास झाली आणि लग्नानंतर पंचवीस वर्षांनी आम्ही दोघंच कोकणातली समुद्रकाठची गावं बघायला निघालो. आमचं शेत माकणीच्या धरणावर भिजतं, त्यामुळं पाणी बोटभर उतरलं तरी ह्यांचं डोकं तापतं. हर्णैला आम्ही उतरलो त्या घराच्या पायरीशी सकाळी असलेला समुद्र दुपारी लांब गेलेला दिसला, तसे हे घरमालकिणीवरच तडकले, "न सांगता पाणी कुणी सोडलं?"

"अहो, ओहोटी ती! संध्याकाळी येईल परत," ती हसत म्हणाली.

ह्यांचा विश्वास बसेना. पाण्याच्या कडेला काठी रोवून बसले. मी वैतागून एकटीच बंदर फिरून आले, तोवर काठी बुडाली होती.

"आलं की गं! लई इमानदार पाणी हाय!"

पुढं आंजर्ले, मुरुड, गुहागर. प्रत्येक गावात आधी काठी, मग चहा.

उन्हाळ्यात आम्ही धरणावर गेलो, तर पाणी पार तळाला. आता हे सगळ्या पाटबंधारे खात्याचा उद्धार करणार म्हणून मी कान झाकायच्या तयारीत. ह्यांनी गुपचूप काठावर काठी रोवली.

"ओहोटी हाय," म्हणाले. "चल, चहा पिऊ."