चावडीसमोर उतरायचं

१९४६ च्या उन्हाळ्यात, एका सोमवारी सकाळी सात वाजता, आमच्या गावच्या चावडीसमोर पाटलांनी मला सायकलीवरून खाली ओढलं. माझं वय बावीस. सांगलीच्या एका छापखान्यात मी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचो. अंतर सात मैल. छापखाना आठला उघडायचा.

महारवाड्यातल्या माणसानं चावडीसमोर उतरायचं, पायताण हातात घ्यायचं, पिंपळापर्यंत चालायचं. ही गावची रीत. मीही पाळत होतो. त्या दिवशी पाळली नाही. कारण सांगली नगरपालिकेचा सायकलींचा जाहीरनामा मीच जुळवला होता. 'प्रत्येक सायकलस्वाराने परवाना घ्यावा. डाव्या बाजूने जावे. घंटा असावी.' कलमं आठ. चावडीसमोर उतरण्याचं एकही नव्हतं. 'प्रत्येक' हा शब्द मी खिळा खिळा उचलून लावला होता. मला तो खरा वाटला. परवाना काढला. त्याचा पितळी बिल्ला हँडलला बांधला.

पाटलांनी ओढल्यावर तोच त्यांना दाखवला. त्यांनी वाकून नंबर मोठ्यानं वाचला. चावडीवरची माणसं हसली. पाटील म्हणाले,

"बिल्ला सायकलीचा हाय रं. तुजा न्हाई. सायकल जाऊ दे म्होरं. तू चाल."

त्यांच्या गड्यानं घंटा पिरगाळून काढली, गटारात टाकली.

मी चाललो. पायताण हातात. माझे वडील तिथंच चावडीचं अंगण झाडत होते. त्यांचा खराटा थांबला नाही.

पिंपळापुढं पुन्हा सायकलीवर बसलो. सांगलीच्या नाक्यावर हवालदार भेटला. घडलेलं सगळं सांगितलं. त्यानं हँडल पाहिलं. "घंटा कुटं हाय?" घंटेवाचून सायकल चालवल्याचा गुन्हा लिहून घेतला. कलम तिसरं. तेही मीच जुळवलेलं.

छापखान्यात पोचायला पाऊण तास उशीर झाला. पुन्हा उशीर झाला तर येऊ नकोस, असं मालकांनी बजावलं. सुटल्यावर सांगलीतच नवी घंटा बसवून घेतली.

घरी वडिलांना सांगितलं, उद्यापासून उतरणार नाही. ते म्हणाले,

"तू जाशील सांगलीला. मला उद्या तितंच झाडायचं हाय."



मंगळवारी सकाळी सात वाजता चावडीसमोर आलो. पाटील बसले होते. वडील झाडत होते. मी घंटा वाजवली. डाव्या बाजूनं, पायताण पायात ठेवून, पिंपळ ओलांडला. उतरलो नाही.