आंतोनच्या बोटीचा खोकला

किस्से गोळा करायला हिंडावं लागत नाही. शेजाऱ्याने सेकंडहँड बोट घ्यावी आणि आपल्याला रविवारी काम नसावं, एवढं पुरतं. बाकीचं बोट बघून घेते.

आमचा शेजारी आंतोन हा सांडोरचा, केळीच्या वाडीतला माणूस. त्याच्या घराण्यात पाटापलीकडचं पाणी कोणी अंगाला लावून घेतलेलं नाही. बँकेने व्हीआरएस दिली आणि हा फायबरची निळी बोट घेऊन आला, मागे आउटबोर्ड इंजिन लावलेली. कारण काय, तर बायकोचं माहेर. फिलोमिना खाडीपलीकडची, उत्तनच्या बाजूची. आमच्या किल्ल्याच्या बंदरावरून तिच्या गावचे माड दिसतात, पण जायचं म्हटलं तर गाडी, मग बस, मग रिक्षा. अर्धा दिवस मोडतो.

सासुरवाडीला जेवताना आंतोन बोलून गेला, "यंदा चर्चच्या सणाला फिलूला बोटीने आणतो. नाही आणली तर बोट तुमची."

मेव्हणा जॉन मच्छीमार. त्याने हात पुसला आणि लगेच पुढे केला.

फिलू मला म्हणाली, "जन्मभर लोकांना सांगायचा, सही करण्याआधी वाचा म्हणून."

*

बोट पाण्यात सोडायच्या आधी फादरना बोलावलं. आपल्याकडे रिक्षा असो की विहिरीवरचा पंप, आशीर्वादाशिवाय चालू करत नाहीत. फादरनी प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडलं. आंतोनने दोरी ओढली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं.

आंतोनची आई, जिला आम्ही सगळे मावशी म्हणतो, तिने उरलेलं पाणी बाटलीत भरून घेतलं. "घरात असलेलं बरं," म्हणाली.

काही दिवसांतच इंजिन खोकायला लागलं. जोरात पळताना ठीक, पण स्लो केलं की धकधक, आचके आणि बंद. बंद पडलं की ओहोटी बोट कुठेही नेणार. म्हणून आंतोन स्लो करायचाच नाही. तो बंदराला लागत नसे, आदळत असे. बंदरावरच्या मासळीवाल्या त्याला लांबून बघूनच टोपल्या उचलायच्या.

*

आमच्या बिल्डिंगमधल्या दिघ्यांचं आयुष्य स्कूटरवर गेलेलं. त्यांनी इंजिनाला हात न लावता निदान केलं, "पेट्रोल पोचत नाहीये. तिरकी करा."

स्कूटर चालू झाली नाही की आपण सगळेच ती तिरकी करायचो. त्यामुळे यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. आंतोन, दिघे आणि मी, तिघेही बोटीत एका बाजूला सरकलो. बोट तिरकी झाली, अगदी दिघ्यांना हवी होती तशी.

दिघे गळाभर पाण्यात उभे राहून म्हणाले, "आता किक मारा."

*

मग इंजिन घरी आणलं. अंगणात ड्रम पाण्याने भरला आणि चौकटीला अडकवून इंजिन त्यात उभं केलं. विरारहून मेकॅनिक आला. त्याने प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला आणि विचारलं, "टाकी बघितली?"

पेट्रोलची सुटी टाकी चोरीला जाईल म्हणून आंतोन ती रोज घरी आणायचा आणि ओटीवर, येशूच्या तसबिरीखाली ठेवायचा. "टाकीला काय धाड भरलीय," तो म्हणाला. "ती तर देवाच्या पायाशी असते."

मेकॅनिकने रेस दिली. ड्रममधलं सगळं पाणी उडालं आणि मावशीने वाळत घातलेल्या बोंबलांवर पडलं. इंजिन पुन्हा खोकून बंद.

मावशी म्हणाली, "सुके बोंबील ओले करायला एवढं मोठं मशीन लागतं होय रे?"

*

सण जवळ आला तसे जॉनचे फोन सुरू झाले. इंजिनाची चौकशी नाही. "भावोजी, रंग बदलू नका. निळा आमच्या बाजूला शोभतो." एकदा त्याने बोटीची लांबी विचारली. म्हणे, बंदरावर शेड बांधतोय.

आंतोनचं जेवण तुटलं. मला म्हणाला, "बँकेत जन्म दुसऱ्यांच्या वस्तू सांभाळण्यात गेला. ही एक माझी आहे रे." मला फार वाईट वाटलं.

*

सणाच्या आदल्या दिवशी फिलूने हात टेकले. बोट जाणारच आहे तर पेट्रोल तरी आपल्या स्कूटरला होईल, म्हणून तिने टाकी काचेच्या बरणीत रिकामी केली. थोड्या वेळाने बघते तर बरणीत दोन थर. वर पेट्रोल, खाली पाणी.

"टाकीत पाणी आलं कुठून?" आंतोनने विचारलं.

"कुठून म्हणजे? मी घालते, फादरचं पाणी," मावशी शांतपणे म्हणाली. "पहिल्यापासून रोज बुचभर. मग खोकला लागला, तशी दोन बुचं."

आंतोनने आईकडे बघितलं, मग वर तसबिरीकडे बघितलं. बोलणार कोणाला? गुपचूप टाकी, नळी, कार्बोरेटर सगळं साफ केलं आणि नवं पेट्रोल भरलं. इंजिन स्लोवर असं चाललं की ओटीवर बसलेल्या मांजराने मानसुद्धा वर केली नाही.

मावशी म्हणाली, "आला ना गुण शेवटी?"

*

सणाला आम्ही बोटीनेच गेलो. आंतोन, फिलू, मावशी आणि मी. पलीकडच्या बंदराला आंतोनने बोट इतकी सावकाश लावली की जॉनला दोर धरून नुसतं उभं राहावं लागलं. मुद्दाम बराच वेळ इंजिन स्लोवर ठेवलं. जॉनचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

दुपारी जेवणं झाली. आंतोन जॉनला इंजिनाची निगा कशी राखावी ते शिकवत होता. पलीकडे मावशी आणि तिची विहीण, म्हणजे फिलूची आई, डोक्याला डोकं लावून बसल्या होत्या. बायकांच्या गप्पा, आम्ही लक्ष दिलं नाही.

निघताना बंदरावर आलो, तर विहीणबाई आमच्या आधीच बोटीपाशी. हातात वेलंकनीहून आणलेल्या पवित्र पाण्याची भलीमोठी बाटली, रिकामी.

"आता काय काळजी नाय, जावई," त्या म्हणाल्या. "विहीनबाई बोलल्या बुचभर घालायचं. मी म्हटलं, लांबचा पल्ला, कशाला चिकटपना? सगळं पानी घातलं."

जॉनने आंतोनच्या हातातून दोर हळूच घेतला आणि नव्या शेडच्या खांबाला बांधला.

परतीच्या, भाईंदरच्या बसला सणाचा दिवस असूनही गर्दी नव्हती. चौघांनाही बसायला जागा मिळाली.