रोहिताचा दुसरा पाय

भूगोल शिकवण्यात जन्म गेला. न विचारता समजावायची खोड निवृत्तीनंतरही सुटली नाही. मुलीने दुर्बीण आणून दिली आणि मी दर रविवारी अमरावतीहून तिवस्याकडच्या एका तलावावर जाऊ लागलो.

त्या हिवाळ्यात तिथे एकटाच रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरला होता. खाडीकाठचा हा पक्षी, आमच्याकडे वाट चुकूनच आलेला. वय कोवळं, म्हणून गुलाबी नव्हे, मळकट राखाडी. चोच उलटी पाण्यात धरून एकाच जागी गोल गोल चिखल तुडवायचा.

तलावाचं पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळात एक बाई टरबूज लावायची. तलावातूनच मोटारीने वेलांना पाणी द्यायची. मी गुरुजी आहे, हे तिला पहिल्याच भेटीत सांगून झालं होतं.

एका रविवारी पाहतो तर रोहित एका पायावर उभा. तास झाला, दुसरा पाय दिसेना. बाईच्या झोपडीला गोफण टांगलेली होती. झालं! माझं डोकं फिरलं. तिला एका शब्दाने न विचारता वनरक्षकाला फोन लावला, या बाईने गोफणीने पक्ष्याचा पाय मोडला म्हणून.

फोन ठेवला आणि रोहिताने पोटाच्या पिसांतून दुसरा पाय काढला, आरामात चालू लागला. बिचारा विसावा घेत होता. लगेच परत फोन करायला हवा होता. नाही केला. एवढा शिकलेला माणूस, चुकलो म्हणायला जीभ रेटेना.

पुढच्या रविवारी वेलांनी माना टाकल्या होत्या. पक्ष्याला त्रास नको म्हणून चौकशी होईपर्यंत वनरक्षकाने मोटार बंद ठेवायला सांगितलं होतं. बाई घागरीने पाणी घालत होती.

"कोनं तक्रार केली काय मालूम, गुर्जी. मी तं त्या पाखरासाठीच सकाळी मोटार बंद ठेवत होती. आवाज झाला का ते चरत नाही. तुमी शिकलेले मानसं, त्या जंगलवाल्याईले सांगा ना."

शरमेने मला तिच्याकडे पाहवेना. बाजूला जाऊन वनरक्षकाला फोन केला, बाईचा काही दोष नाही म्हणालो.

"पण तक्रार तं तुमचीच होती ना, सर? तिले सांगू काय तसं?"

"नको," मी म्हणालो.

मोटार सुरू झाली. अर्धे वेल जगले. उन्हाळ्यात पहिलं टरबूज तिने माझ्यासाठी राखून ठेवलं होतं.

"तुमच्यामुळं वाचली, गुर्जी."

मी ते दोन्ही हातांनी घेतलं.