बोंडांची बाजू वर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मग सांगतो. या किश्शात हुशार पोरगी माझी, आणि फजितीही माझीच!

आमची रूपाली नागपूरला संशोधन करते. फुलसावंगीच्या कापूसवाल्याची पोरगी! काम काय, तर माणसाच्या कातडीचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप घ्यायचा, त्यावर औषध टाकायचं आणि कातडीला रंग देणारं एन्झाईम कुठे कुठे आहे ते शोधायचं. जिथे एन्झाईम, तिथे तपकिरी डाग. अशा एका फोटोला तिला पहिलं बक्षीस मिळालं. तो तिनं मला मोबाइलवर पाठवला. आता तुम्हीच सांगा, बापानं गप्प बसायचं?

मी तडक महागावला, फ्लेक्सवाल्याकडे! त्यानं फोटो कॉम्प्युटरवर घेतला. "काका, याची वरची बाजू कोणती जी?"

मी निरखून पाहिलं. लांब लांब दांडे आणि प्रत्येकाच्या टोकाला गोल गाठ. तीस वर्षं कापूस पेरला, मला कोण शिकवणार?

"अबे, बोंडं का बुडाशी लागतेत? फिरव!"

फिरवलं. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स चौकात, आणि फ्लेक्सखाली मी! येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून शिकवत होतो.

"गजाननभाऊ, हे तपकिरी काय होय?"

"रंगाचं एन्झाईम. कुठी हाय, पाह्यलं ना? सगळ्यात वर!"

"मंग घासलं त निघून जाईन?"

"काहून नाही निघणार!"

हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. पण बोलता बोलता माझं मलाच पटलं. रविवारी शाळेत रूपालीचा सत्कार होता. तिच्या नागपूरच्या मॅडम येणार, मी पोरीच्या बाजूला उभा राहणार, फोटो निघणार. आणि माझं थोबाड उन्हानं पार रापलेलं! पोरीला कमीपणा नको म्हणून अंग घासायचा खरबरीत दगड घेतला आणि चार दिवस सकाळ-संध्याकाळ तोंड घासलं.

बायको म्हणाली, "अहो, कायले घासून राह्यले? ते तोंड हाय, तवा नाही!"

"तुले नाही समजत. विज्ञान हाय हे!"

रविवारी तोंड लालबुंद, नाकाची सालं निघालेली, आणि आग अशी की घाम आला तरी नाचावंसं वाटे. रूपाली मॅडमना घेऊन आली आणि चौकातच थबकली.

"बाबा, फोटो उलटा लावला तुमी! हे बोंडं नाही, केसाचे मुळं हायेत. वरची कातडी खाली गेली." मग माझ्याकडे पाहिलं. "अन् तोंडाले काय झालं?"

"ऊन लागलं," मी म्हणालो. सप्टेंबरच्या भरल्या आभाळात!

सत्काराला उत्तर द्यायला पोरगी उभी राहिली. हातात कागद नाही, बोलणं आपलंच. माझी छाती अशी फुगली की शर्टाची बटणं ताणली गेली.

"हे एन्झाईम कातडीवर नसते. वरच्या थराच्या पार तळाशी काही पेशी असतात, त्याहीच्यात असते, अन् केसाच्या मुळाशी. ऊन लागलं का ते जास्त काम करते. वरून कितीबी घासा, त्याच्यापर्यंत हात पोचत नाही."

सगळा गाव वळून माझ्याकडे पाहू लागला.

"हा प्रश्न मले लहानपणी पडला. बाबा वावरातून येऊन बनियन काढत. तोंड, हात काळेभोर अन् पाठ गोरी. एकाच माणसाचे दोन रंग कसे? माह्या संशोधनाची सुरुवात बाबाच्या रंगापासून झाली. बाबा, या इकडं. तो रंग मले आज सगळ्याइले दाखवायचा हाय."

आता काय करता? गेलो. उभा राहिलो, सोललेल्या बिटासारखा. मॅडम चष्मा काढून, वाकून बघू लागल्या. रूपालीनं कपाळावर हात मारला. "बाबा, नमुनाच घासून टाकला का जी?"

माइक चालूच होता! मांडव कोसळेल इतका हसला गाव. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते आगीचं होतं असं मी सगळ्यांना सांगतो. तुम्हाला खरं सांगतो, ते अभिमानाचं होतं.

तेव्हापासून कोणी विचारलं की छाती काढून सांगतो: बापाचा नुसता रंग बघून पोरगी कातडीच्या तळापर्यंत पोचली, आणि बाप चार दिवस दगड घासून पोचला, तो थेट मलमाच्या दुकानात!