चोकची खूण

वडिलांच्या हातून चूक झाली, तर ती झाकण्यात त्यांचा मान आहे की दाखवण्यात? मला उत्तर माहीत नाही. तुम्ही सांगा.

आमचं छोटं गॅरेज आहे. घरात पदवी घेतलेली मी पहिली, पण हे काम मला माझ्या वडिलांनी, आप्पांनीच शिकवलं. काल त्यांनी निरगुडसरच्या गुरुजींच्या जुन्या पेट्रोल जीपचा इलेक्ट्रिक चोक लावला. थंड इंजिनात जाणारी हवा अडवणारा हा चोक, इंजिन तापलं की आपोआप उघडतो. त्यासाठी त्याची गोल डबी फिरवून नेमकी खुणेवर ठेवावी लागते.

आज सकाळी मी जीप चालू केली. इंजिन तापलं तरी काळा धूर थांबेना. बघितलं, तर डबी खुणेच्या दोन रेघा पुढे होती.

आप्पा चहाला गेले होते. मी इंजिन बंद करून डबी जागेवर आणली. कुणाला कळलंही नसतं. पण पुढच्या गाडीचं काय?

मी डबी पुन्हा दोन रेघा पुढे सरकवली आणि आप्पांना हाक मारली.

"आप्पा, खूण बघता का जरा?"

"काय गं पदवीधर बाई, माझी परीक्षा घेती व्हय?" म्हणत ते वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "न्हाई दिसत गं. लई दिवस झालं."

मी डबीचे स्क्रू सैल केले.

"खुणेवर बोट ठेव," ते म्हणाले. "मी फिरवतो."

जीप गेल्यावर मी त्यांना घेऊन घोडेगावला आले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्यांचं नाव नोंदवलं, आणि मगच हे लिहायला इथे सायबर कॅफेत येऊन बसले.